'महारोगी आश्रम' : एका शब्दाची झडती

मराठवाड्यातल्या कार्यकर्त्याला नावाचं मोल सांगायला जाऊ नये. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार पदरात पडला १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं कशी गेली, किती घरं जळाली, किती कुटुंबं गाव सोडून परागंदा झाली, हे वस्तीवस्तीला पाठ आहे. त्या काळात 'नावात काय ठेवलंय' असं शहाणपण शिकवणारे पांढरपेशे विद्वान पुष्कळ होते. नावात काहीच नव्हतं तर ते देताना यांच्या पोटात का दुखलं, हा आपला साधा सवाल होता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तोच सवाल आता आपल्याच तोंडातल्या एका शब्दाला करायचा आहे. शब्द आहे 'महारोगी' आणि त्याच्या पाठोपाठ येणारा 'महारोगी आश्रम'. आपल्या जलशात, सभेत, आपल्या अंकांतल्या कवितेत जातीला 'महारोग' म्हणणं इतकं रुळलं आहे की म्हणणाऱ्याची जीभ अडखळत नाही आणि ऐकणाऱ्याचा कानही टवकारत नाही. समीक्षेचं काम असं की जिथं जीभ अडखळत नाही तिथं तिनं अडवावं. म्हणून ही झडती.

आधी शब्दाचं कूळ पाहू. महा अधिक रोग, म्हणजे मोठा रोग. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या वैद्यकग्रंथात बरे व्हायला अवघड असे आठ महारोग मोजलेले आहेत. वातव्याधी, मुतखडा, कुष्ठ, प्रमेह, उदर, भगंदर, मूळव्याध आणि संग्रहणी. नीट वाचा. मूळव्याध महारोग आहे. ज्याच्या पोटात आजचा मधुमेह येतो तो प्रमेहही महारोग आहे. पण पेढीवर बसून इन्सुलिन टोचून घेणाऱ्या शेठजीला कुणी महारोगी म्हणालं का? मूळव्याधीनं बेजार झालेल्या भटजीला गावानं वेशीबाहेर बसवलं का? आठांतले सात मानानं घरात राहिले आणि एकट्या कुष्ठाच्या कपाळावर तो शिक्का बसला. हे व्याकरणानं केलेलं नाही, समाजानं केलेलं आहे. ज्याचा रोग कपड्याखाली झाकता येतो तो रुग्ण, आणि ज्याचा हातापायावर, तोंडावर दिसतो तो महारोगी. आपल्याकडच्या खेड्यात याला रगतपिती म्हणत. रगतपित्या म्हटलं की शिवी होते. मूळव्याध्या म्हटलं की फार तर थट्टा होते.

आणखी एक गोष्ट बोलून टाकू, कारण ती आपल्या कानाला बोचते. 'महारोगी' या शब्दाचा 'महार' या शब्दाशी व्युत्पत्तीनं काहीही संबंध नाही. पण कान व्युत्पत्ती विचारत नाही. चावडीवरचा माणूस हा शब्द विशिष्ट ठिकाणी आघात देऊन उच्चारू लागला की त्याला काय म्हणायचं आहे ते समोरच्याला बरोबर कळतं. शब्दकोशात दोन वेगळ्या पानांवर असलेले शब्द गावाच्या मनात एकाच दावणीला बांधलेले होते, कारण दोघांची जागा एकच होती. गावकुसाबाहेर.

ही जागा कुणी ठरवली? जो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला, त्याच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या कुळातली मुलगी करू नये याची यादी आहे आणि त्यात कुष्ठ असलेलं कूळ आहे. अकराव्या अध्यायात तर रोगांचा हिशेबच मांडला आहे. गुरुपत्नीशी व्यभिचार केला तर पुढं कातडी बिघडते, वस्त्र चोरलं तर अंगावर कोड उठतं. म्हणजे आजारी माणूस हा आधी गुन्हेगार आणि मग रोगी. गेल्या जन्मी पाप केलंस म्हणून नीच जातीत आलास, आणि गेल्या जन्मी पाप केलंस म्हणून अंग सुन्न झालं. एकाच कारखान्यातला माल आहे हा. पहिला आपण महाडला जाळला. दुसरा मात्र आपल्या भाषेत न जळता शिल्लक राहिला.

आता शब्दाच्या दुसऱ्या तुकड्याकडे, आश्रमाकडे येऊ. इंग्रजांनी या जागेला 'लेपर असायलम' म्हटलं. असायलम हा मूळ ग्रीक शब्द. जिथं शिरलेल्या माणसाला कुणी पकडू शकत नाही, हात लावू शकत नाही, ती जागा, असा त्याचा अर्थ. युरोपात त्याआधी अशा जागांना लाजरचं नाव होतं. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंताच्या दाराशी पडलेला, अंगभर फोड आलेला, कुत्र्यांनी ज्याचे फोड चाटले तो भिकारी लाजर. त्याला कुष्ठ होतं असं त्या गोष्टीत म्हटलेलंच नाही. तो गरीब होता आणि त्याच्या अंगावर फोड होते, एवढं पुरलं. भिकाऱ्याचं नाव रोग्याला लागलं आणि रोग्याचं घराला. गरिबी आणि हा रोग यांची गाठ भाषेत किती जुनी आहे ते यावरून कळावं.

मुंबईत १८९० साली माटुंग्याला असा असायलम उघडला. नाव होतं 'होमलेस लेपर असायलम', म्हणजे बेघर महारोग्यांचा आसरा. तो उभा करणारे महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ. पुढं त्यांच्याच नावानं ते रुग्णालय ओळखलं गेलं आणि वडाळ्याला आजही आहे. गंमत अशी की याच अ‍ॅकवर्थनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाड्यांचा मोठा संग्रह १८९१ साली काढला. मराठी साहित्याचा इतिहास त्यांना पोवाड्यांसाठी आठवतो. त्यांनी ज्या बेघरांना छप्पर दिलं आणि रस्त्यावरून हलवलं, त्यांचा पोवाडा मात्र कुणी जमवला नाही. नावातला 'बेघर' हा शब्द तेवढा खरं बोलून गेला. सगळ्या कुष्ठरुग्णांसाठी ती जागा नव्हतीच. बंगल्यातला रुग्ण बंगल्यात राहिला. शहराच्या डोळ्यांना जो खुपत होता त्यालाच हलवलं.

मग १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट आला. तो येण्याआधी १८९०-९१ मध्ये सरकारी कुष्ठ आयोग हिंदुस्थानभर हिंडला होता आणि हा रोग सक्तीनं वेगळं डांबावं इतका संसर्गजन्य नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता. तरी कायदा झाला. त्यात 'पॉपर लेपर', म्हणजे कंगाल महारोगी, अशी खास व्याख्या आहे. जो उघड्यावर भीक मागतो किंवा ज्याला पोट भरायचं दिसेल असं साधन नाही, तो. त्याला पोलिसानं वॉरंटशिवाय धरावं, डॉक्टरनं दाखला द्यावा, मॅजिस्ट्रेटनं असायलममध्ये पाठवावं, पळाला तर पुन्हा धरून आणावं. जिथं शिरल्यावर कुणी पकडू शकत नाही ती जागा म्हणजे असायलम. कायद्यानं अर्थ उलटा केला. जिथं पकडूनच नेतात ती जागा असायलम झाली.

याच कायद्याच्या नवव्या कलमात आणखी एक गोष्ट होती. जिथं हे कलम लागू करतील तिथं कुष्ठरोग्यानं खाण्यापिण्याचे पदार्थ विकू नयेत, भाड्याच्या गाडीत बसू नये, आणि नगरपालिकेनं मना केलेल्या सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, पाणी भरू नये. सार्वजनिक तळ्यावर पाणी भरू नये! २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांच्या नातवंडांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. आपल्याला रूढीनं मनाई होती, त्यांना कायद्यानं झाली. आपल्यासाठी तळं खुलं करणारा ठराव तरी बोले यांनी मुंबई कौन्सिलात १९२३ साली आणला. त्यांच्यासाठी तो कायदाच पुसायला २०१६ साल उजाडावं लागलं. एकशे अठरा वर्षं.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, तो कायदा इंग्रजी मुलखाचा होता. पण शब्दाला सरहद्दीवर कुणी अडवत नाही. वस्तीला दिलेलं नाव वस्तीचं काय करतं, हे जालन्याच्या माणसाला ठाऊक असावं. स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ख्रिस्ती झालेल्या मांग-महारांची वस्ती वसवली आणि तिला नाव दिलं बेथेल. हिब्रूत त्याचा अर्थ देवाचं घर. धर्मांतराबद्दल वाद घालायचा तो घाला. पण मांगवाडा ऐवजी देवाचं घर असा पत्ता सांगताना माणसाची मान थोडी वर होत असेल की नाही? नाव देणारा ठरवतो की आत राहणारा माणूस म्हणून ओळखला जाईल की घाण म्हणून.

जालन्यावरून मनमाड-हैदराबाद रेल्वे गेल्या शतकाच्या आरंभापासून जाते. परभणी, नांदेड, निजामाबाद आणि पुढं डिचपल्ली. या डिचपल्लीला मेथॉडिस्ट मिशनच्या डॉक्टर इझाबेल कर यांनी १९१५ च्या सुमारास कुष्ठरोगाचं रुग्णालय उभं केलं. त्या काळचा उपचार म्हणजे कडूकवठीचं तेल, तेही सुईनं अंगात टोचायचं. पुष्कळदा गुण येत नसे. तरी एक फरक झाला. तेलाची का होईना, पण सुई घेऊन जवळ बसणारं माणूस आलं. कोंडण्याच्या जागेत उपचार शिरला की ती जागा हळूहळू दवाखाना होते. नाव बदलायला मात्र वेळ लागतो. १९४८ साली हवानाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेनं रुग्णाला 'लेपर' म्हणणं सोडा असं सांगितलं. १८७४ साली निघालेल्या 'मिशन टू लेपर्स' या संस्थेनं १९६५ साली आपल्या नावातून तो शब्द काढून टाकला. इंग्रजी भाषा सुधारली. मराठीचं काय?

मराठीत असायलमचा झाला आश्रम. आश्रम ही आपण होऊन जाण्याची जागा. ऋषी स्वतःच्या पायांनी तिकडं जातो. पोलिसानं पोचवलेल्या माणसाच्या जागेला आश्रम म्हणणं ही भाषेची लबाडी आहे. शिवाय हा शब्द कुणाच्या जोडीनं चालतो ते विसरू नका. वर्ण आणि आश्रम. मराठीत ज्याला ज्याला समाज घराबाहेर काढतो त्याला आश्रम मिळतो. अनाथाश्रम, विधवाश्रम, वृद्धाश्रम, महारोगी आश्रम. क्षयाचा रोगी मिरजेला जायचा तो सॅनिटोरियममध्ये, ज्या शब्दात आरोग्य आहे. क्षय आणि कुष्ठ या दोन रोगांचे जंतू एकाच घराण्यातले. पण एकाला आरोग्यभवन आणि दुसऱ्याला आश्रम. काढणाऱ्याच्या मनाला टोचणी लागू नये म्हणून पवित्र शब्दाचं पांघरूण.

गांधीवादी मंडळींनी हे पांघरूण आणखी जाड केलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण १९३६ पासून या कामात पडले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, संस्था विदर्भ महारोगी सेवा मंडळ. वरोऱ्याला बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची आणि आनंदवन १९५१ चं. या माणसांनी स्वतःच्या हातांनी जखमा धुतल्या. त्यांच्या कामाला नाव ठेवण्याइतके आपण करंटे नाही. पण समीक्षा कामाची वेगळी आणि शब्दाची वेगळी. धाम, तपोवन, सेवा हे सगळे शब्द सेवा करणाऱ्याला मोठं करतात. तप करतो तो सेवक, आणि ज्याच्यावर तप केलं जातं तो महारोगी. 'हरिजन' या शब्दाला आपण का नाकारलं? त्यात गोडवा होता, पण तो देणाऱ्याचा होता. नावं ठेवणारा वर आणि नाव पडलेला खाली, ही मांडणी गोड शब्दानं मोडत नाही. त्यातल्या त्यात 'आनंदवन' हे नाव वेगळं निघालं. त्यात रोग नाही. तिथं रुग्णांनीच विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले, आणि पत्ता सांगताना रोगाचं नाव घ्यायची गरज उरली नाही. संस्थेच्या नावात मात्र 'महारोगी' तसाच राहिला.

आता आपल्या कवितेकडं वळतो. दलित कवितेनं रोगट, जखमी, नासलेली शरीरं मराठी कवितेच्या मध्यभागी आणून बसवली हे तिचं मोठं काम. १९७२ च्या 'गोलपिठा'नंतर पांढरपेशा कवितेला नाक दाबून पलीकडं जाता येईना. ते शरीर तिथं साक्षीदार म्हणून उभं होतं. पण मागून आलेल्या कितीतरी कवितांत, गाण्यांत आणि भाषणांत हेच शरीर आरोपी होऊन येतं. जात हा महारोग, ब्राह्मण्य म्हणजे रगतपिती, ही संस्कृती झडलेल्या बोटांची. शत्रूला शिवी द्यायची म्हणून उचललेला धोंडा, आणि लागतो कुणाला? बसस्टँडच्या कडेला कापड पसरून बसलेल्या माणसाला.

या प्रतिमेत तीन खोट आहेत. पहिली, रोग म्हणजे पाप हा मनूचा हिशेब ती मान्य करते. कुष्ठ घाणेरडं आहे असं गृहीत धरल्याशिवाय ही शिवी लागूच पडत नाही. दुसरी, ती जातीला सोडून देते. रोग कुणी ठरवून करत नाही, त्यात कुणाचा फायदा नसतो. जात माणसांनी केली, तिच्यावर पिढ्यान् पिढ्या जमिनी, पाणी आणि मान कमावला. तिला रोग म्हटलं की गुन्हेगार सुटतो आणि वर 'बिचारा आजारी आहे' म्हणून दयाही मिळवतो. तिसरी, ती खोटी आहे. कुष्ठानं बोटं झडत नाहीत. जंतू नसांवर बसतो, हातापायाची जाणीव जाते, चटका आणि काटा कळत नाही, जखम चिघळत राहते आणि हाड झिजत जातं. हॅन्सननं नॉर्वेत १८७३ साली जंतू दाखवला. १९८० च्या दशकापासून एकत्र दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. जो रोग बारा महिन्यांत बरा होतो त्याची उपमा दोन हजार वर्षांच्या व्यवस्थेला देणारा कवी दोन्हीबद्दल चुकीचं सांगतो.

मग उपमा द्यायचीच नाही का? द्या, पण बाबासाहेबांसारखी द्या. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचं वर्णन करताना साथीच्या वेळी घालतात तसल्या वेढ्याची, काटेरी तारेची आणि पिंजऱ्याची उपमा वापरली. बारकाईनं पाहा. त्यांनी बोट ठेवलं ते कुंपणावर, कुंपणाच्या आतल्या अंगावर नाही. अस्पृश्यता रोगासारखी आहे असं ते म्हणत नाहीत. रोग्याला कोंडण्याच्या रीतीसारखी ती आहे, असं म्हणतात. या एका फरकात सगळी समीक्षा आली. पहिली उपमा आजारी माणसाला आपल्या शत्रूच्या रांगेत उभं करते. दुसरी त्याला आपल्या शेजारी आणून बसवते, कारण कुंपण दोघांभोवती एकाच जातीच्या तारेचं आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी खालच्या मानलेल्यांच्या धम्मदीक्षांचा भाग घातला आहे. त्यात उपाली न्हावी आहे, सुनीत भंगी आहे, आणि त्यांच्याच ओळीत कुष्ठरोगी सुप्रबुद्ध आहे. लोकांची गर्दी पाहून इथं काही खायला वाटत असतील म्हणून तो आला होता. बुद्धानं त्याला सभेतच उपदेश केला. विनयपिटकात कुष्ठासह पाच रोग असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियमही आहे, तो लपवण्याचं कारण नाही. पण बाबासाहेबांनी आपल्यापुढं ठेवण्यासाठी काय निवडलं हे महत्त्वाचं. त्यांनी तो नियम पुढं ठेवला नाही, सभेत बसलेला सुप्रबुद्ध ठेवला.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात भिकारी कुष्ठरुग्णाला वेगळं डांबायची तरतूद घातली गेली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठ हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ साली काढलं. डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोग देशातून संपल्याचं सरकारनं जाहीर केलं, तरी त्यानंतरही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत आले, जगातल्या निम्म्याहून जास्त. २०१७ साली ३० जानेवारीला जी सरकारी जागृती मोहीम निघाली तिचं नाव होतं 'स्पर्श'. हा शब्द आपल्याला किती महागात पडला आहे ते आपल्याला माहीत आहे. म्हणून त्याचा अर्थ राखायची जबाबदारीही आपलीच.

तेव्हा मित्रांनो, करण्यासारखं थोडं आणि साधं आहे. आपल्या गाण्यातून, भाषणातून, फलकावरून 'महारोग' पुसा. कुष्ठरोग म्हणा, रुग्ण म्हणा, बरा झालेल्याला त्याच्या नावानं हाक मारा. कविता करणाऱ्यानं जातीला जात म्हणावं, तिला दुसऱ्या नावाची गरज नाही. वस्तीत कुणाच्या अंगावर सुन्न चट्टा दिसला तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि गोळ्या पुऱ्या होईपर्यंत पाठ सोडू नका. तालुक्याच्या गावाबाहेर कुष्ठरुग्णांची वस्ती असेल तर तिथं जयंतीची वर्गणी मागायला नाही, सभेचं बोलावणं घेऊन जा. आणि त्यांच्या वस्तीला त्यांनी काय नाव ठेवलंय ते त्यांनाच विचारा.